आयचीला सहकुटुंब जातोय: कागदपत्रं, घर, स्वयंपाक, लायसन्स, शाळा. क्रम काय ठेवावा?

सातपूरकर_टूलरूम

नमस्कार मंडळी. टूल अँड डाय डिझाइनमध्ये आहे. जपानमध्ये आयची प्रांतात, कारियाजवळच्या एका कंपनीत थेट नोकरी लागली आहे, म्हणजे इथल्या कंपनीची पोस्टिंग नाही. करार तीन वर्षांचा. तिघांची सीओई (व्हिसासाठी लागणारी जपानी इमिग्रेशनची पात्रता प्रमाणपत्रं) आली आहेत, जूनच्या पहिल्या आठवड्यात नाशिक सोडायचं. सोबत बायको आणि मुलगी. मुलीला ऑक्टोबरमध्ये सहा वर्षं पूर्ण होतील. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. पहिले दोन महिने कंपनी फर्निचरसकट फ्लॅट देणार आहे, पुढचं घर आपलं आपण शोधायचं.

पोचल्यावर कुठल्या खिडकीवर आधी जायचं? कुकर, मिक्सर, डाळी, गोडा मसाला यातलं काय न्यावं आणि काय विमानतळावर अडकतं? एमएच १५ चं लायसन्स तिकडे किती दिवस चालतं? शाळेचं काय? यूट्यूबवर बुलेट ट्रेन आणि चेरीची फुलं भरपूर आहेत, महापालिकेत कुठला कागद मागतात ते कोणी सांगत नाही.

पंचवटीकर_नागोया

अभिनंदन. सगळ्यात आधी सीओईवरची तारीख बघा. दिल्यापासून तीन महिने तिची मुदत, आणि त्या मुदतीतच व्हिसा घेऊन जपानमध्ये उतरायचं असतं. व्हिसा हातात आला म्हणून निवांत राहू नका. आपल्याकडचे अर्ज व्हीएफएस या व्हिसा-अर्ज केंद्रामार्फत मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे जातात. वहिनींच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि सीओईवर सासरचं असं काही असेल तर ते इथेच निस्तरा.

नागोयाच्या सेंट्रेअर विमानतळावर उतरलात तर इमिग्रेशनच्या खिडकीवरच तिघांची झाइर्यू कार्डं, म्हणजे रहिवासी कार्डं, छापून मिळतात. सोळा वर्षांच्या वरच्या प्रत्येकाने ते कायम जवळ बाळगायचं. एकदा कार्ड मिळालं की पासपोर्ट घरी राहिला तरी चालतो, कार्ड घरी राहिलेलं चालत नाही. दंड २ लाख येनपर्यंत होऊ शकतो.

आता क्रम: कार्ड, महापालिकेत पत्ता, फोन, बँक. यात उलटसुलट करता येत नाही, कारण प्रत्येक खिडकी मागच्या खिडकीचा पुरावा मागते. फोनवाला कार्डाच्या पाठीवर छापलेला पत्ता बघतो, बँक जपानी नंबर मागते, पगारवाले बँकेचं खातं मागतात. पत्ता नोंदवायला राहायला गेल्यापासून १४ दिवस असतात, पण सोमवारीच उरका. कंपनीच्या तात्पुरत्या फ्लॅटचा पत्ता चालतो. दोन महिन्यांनी घर बदललं की पुन्हा १४ दिवसांत नोंद. त्याच शहरात राहिलात तर एकच फॉर्म. शहर बदललं तर आधी जुन्या महापालिकेतून ‘गेलो’ची नोंद, मग नव्या ठिकाणी ‘आलो’ची.

महापालिकेत जाताना तिघांची कार्डं, पासपोर्ट, विवाह नोंदणीचा दाखला, मुलीचा जन्मदाखला आणि या दोन्ही दाखल्यांचं जपानी भाषांतर न्या. भाषांतर कोणीही केलेलं चालतं, खाली करणाऱ्याचं नाव हवं. नाशिक महापालिकेचे दाखले मराठी-इंग्रजी असतात, पण जपानी पान सोबत नसेल तर कारकून नातं ‘पत्नी’ असं लिहीत नाही, नुसतं ‘नातलग’ किंवा ‘एकत्र राहणारा’ असं काहीतरी टाकतो. ते दुरुस्त करायला पुन्हा रांग. त्याच दिवशी त्याच इमारतीत मुलांच्या भत्त्याचा, जिदो तेआतेचा, अर्ज द्या. तीन वर्षांवरच्या पहिल्या-दुसऱ्या मुलाला महिना १०,००० येन मिळतात आणि ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही. अर्ज १५ दिवसांत दिला नाही तर मधला महिना बुडतो, मागचं देत नाहीत. मुलांच्या दवाखान्याच्या सवलतीचं कार्डही महापालिकाच देते, मात्र त्याला आधी कंपनीच्या आरोग्यविम्याचे तपशील लागतात.

नावाचा घोळ हा आपल्या लोकांचा खास. आपल्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’मध्येच बसलेलं असतं, त्यामुळे कार्डावर आडनाव, नाव आणि मधलं नाव अशी तीन डब्यांची गाडी छापली जाते. ऑनलाइन फॉर्ममध्ये ती मावत नाही. त्यात काताकाना लिपीत नाव कसं लिहायचं ते प्रत्येक खिडकीवर वेगळा माणूस ठरवतो. कोणी मधलं नाव घेतो, कोणी सोडतो, कोणी शेवटचा स्वर लांबवतो. पगाराच्या फाइलमधलं काताकाना आणि बँकेतलं काताकाना जुळलं नाही तर पगार परत जातो. म्हणून पहिल्याच दिवशी कंपनीच्या एचआरकडून तिघांची नावं काताकानात एका कागदावर लिहून घ्या, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि महापालिका, फोन, बँक, गॅस सगळीकडे तेच दाखवा. काही फॉर्म अर्ध्या रुंदीची अक्षरं मागतात, काही पूर्ण रुंदीची. ‘एरर’ येत राहिला की आधी तिथे बघा.

बँकेत सहा महिन्यांचा नियम ऐकवतील. परकीय चलनाच्या कायद्यात सहा महिन्यांच्या आतला माणूस अनिवासी धरतात, पण जपानमधल्या कचेरीत नोकरी करणारा पहिल्या दिवसापासून निवासी असतो. कंपनीचं नोकरीचं पत्र दाखवलं की तुमचं खातं निघतं. वहिनींचं सहा महिन्यांनी काढा, उगाच डोकेफोड नको.

पहिला पगार हाती पडेपर्यंत पैसे लागतील. भारतातून रोख ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येते, बाकी फॉरेक्स कार्डावर घ्या. ते सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर चालतं. नाशिकमध्ये येन ऐनवेळी मिळतीलच असं नाही, चार-पाच दिवस आधी सांगून ठेवा. आणि भारतातल्या सिमवर रोमिंग इथूनच सुरू करा. बँकांचे ओटीपी तिकडे आले नाहीत तर इथली खाती कुलूपबंद.

सिडकोवाली_तोयोता

स्वयंपाकघराचं मी सांगते, पुरुषमंडळी ते शेवटच्या ओळीत उरकतात.

जपानात वीज १०० व्होल्ट. आयचीत फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ, तोक्योकडे ५०. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर १००–२४० लिहिलेलं असतं, त्यांना फक्त दोन चपट्या पात्यांचा अडॅप्टर लागतो. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नुसता घुरघुरतो, वाटण होत नाही. ७५० वॅटच्या मिक्सरला सुरुवातीचा झटका धरून निदान १५०० व्हीएचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर हवा, म्हणजे कित्येक किलोंचं धूड. त्यापेक्षा आपल्याच कंपन्यांचे अमेरिकेसाठी बनवलेले ११० व्होल्टचे मिक्सर मिळतात, तो न्या. १०० वर थोडा हळू फिरतो, पण चटणी, डोशाचं पीठ, दाण्याचं कूट सगळं होतं.

कुकर स्टीलचा आणि इंडक्शनच्या बुडाचा घ्या, लहान फ्लॅटमध्ये अनेकदा आयएच शेगडीच असते. ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. जादा रबरी रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र मूठभर न्या, ते तिकडे हुडकत बसावे लागतात.

गॅसचा फ्लॅट मिळाला तर शेगडी तुम्हाला विकत घ्यावी लागेल, जपानात बहुतेक भाड्याच्या घरात ती नसते. घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, गॅस कुठला: शहराच्या पाइपचा गॅस असेल तर शेगडीवर १२ए/१३ए लिहिलेलं हवं, सिलिंडरचा असेल तर एलपी. एकाची शेगडी दुसऱ्यावर लावायची नाही, ज्वाळा भडकते किंवा नीट जळत नाही. दुसरी, ओट्याच्या खाचेची रुंदी. शेगड्या साधारण ५६ आणि ५९ सेंटीमीटरच्या येतात. तिसरी, मोठा बर्नर डावीकडे की उजवीकडे. तो भिंतीपासून लांबच्या बाजूला यायला हवा, दुकानदार हे विचारतोच.

आता खरी मेख. जपानी शेगडीच्या बर्नरच्या मधोमध स्प्रिंगवर उभं बटणासारखं सेन्सर असतं. भांड्याचं बूड साधारण २५० अंशांवर गेलं की ते ज्वाळा आपोआप बारीक करतं आणि मग बंदच करतं. तेल पेटू नये म्हणून ही सोय, पण भाकरीचा तवा त्याच तापमानाला जातो. पहिली भाकरी होते, दुसरीला गॅस मान टाकतो. बऱ्याच शेगड्यांवर सेन्सर सैल करायचं बटण असतं, ते तीनेक सेकंद दाबून धरलं की काही वेळ जास्त तापमान चालतं. पण काही मॉडेलमध्ये वर भांडं नसलं की बर्नर पेटतच नाही, मग फुलका थेट ज्वाळेवर फुगवायचा कसा? त्यासाठी डब्याच्या गॅसवरची छोटी शेगडी, कासेत्तो कोन्रो, घेऊन ठेवा. भूकंपानंतर गॅस गेला तरी तीच कामी येते. तिच्यावर मोठा पसरट तवा मात्र ठेवायचा नाही. तव्याची धग शेजारच्या गॅसच्या डब्यावर उतरते आणि डबा फुटू शकतो.

फोडणीचं एक सांगते. मिरचीचा ठसका आणि हिंगाचा वास एक्झॉस्टमधून थेट शेजारच्या गॅलरीत जातो, आणि तिथे सकाळी कपडे वाळत असतात. तक्रार तुमच्याकडे येत नाही, ती घरमालकाच्या एजंटकडे जाते आणि तिथून चिठ्ठी येते. सकाळी दहाच्या आत जळजळीत फोडणी टाळा, खोलीचं दार लावून घ्या आणि एक्झॉस्टच्या जाळीवर मिळतं ते कागदी फिल्टर महिन्याला बदला.

सामानाबद्दल. ताजी फळं-भाज्या नाहीत. जूनमध्ये हापूसच्या पेटीचा मोह होईल, पण भारतीय आंबा तिकडे प्रक्रिया आणि प्रमाणपत्राशिवाय जात नाही. अख्ख्या डाळी, कडधान्यं, तांदूळ आणि बियाणं यांनाही भारत सरकारचं फायटोसॅनिटरी, म्हणजे कीड-रोग नसल्याचं, प्रमाणपत्र लागतं. ते कोणी घरगुती पाच किलोसाठी काढत बसत नाही, तेव्हा डाळी नकोच. सुके मसाले किरकोळ विक्रीच्या बंद पाकिटात असतील तर चालतात. गिरणीतून दळून आणलेला गोडा मसाला साध्या पिशवीत नेलात तर अधिकाऱ्याच्या मनावर आहे, पाकीटबंद घ्या. बेदाणे चालतात, आपल्या ओझर-पिंपळगावकडचे खुशाल न्या, द्राक्षं नाहीत. मांस असलेलं काहीही नको.

औषधं: डॉक्टरने लिहून दिलेली एक महिन्याची आणि दुकानातून सहज मिळणारी दोन महिन्यांची, एवढी परवानगीशिवाय नेता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर निघण्याआधी ‘युन्यू काकुनिन-शो’ हा कागद ऑनलाइन काढायचा. सर्दीच्या गोळ्यांवर स्युडोएफेड्रिन लिहिलेलं दिसलं की ते पाकीट घरीच ठेवा. दहा टक्क्यांच्या वर असेल तर ते तिथे उत्तेजक द्रव्याच्या कच्च्या मालात मोडतं आणि चिठ्ठी दाखवूनही सुटका नाही.

बाहेर खाताना शाकाहाराची अडचण मांसापेक्षा दाशीची आहे. हे माशाच्या, बहुतेक वेळा कात्सुओच्या, कातळ्यांचं पाणी. मिसो सूप, उदोन, सोबा, उकडलेली भाजी, सगळ्यांत असतं. वेटरला ‘मांस नको’ सांगितलं तर तो प्रामाणिकपणे मांस काढतो आणि दाशी तशीच राहते. पाकिटावरच्या ॲलर्जीच्या चौकटीवर विसंबू नका. तिथे अंडं, दूध, गहू, कोळंबी वगैरे छापणं सक्तीचं आहे, कात्सुओ त्यात नाही. खालची सामग्रीची बारीक यादी वाचायची. कात्सुओ, बुता (डुक्कर), ग्यू (गाय), तोरी (कोंबडी) आणि ‘एकिसु’ (अर्क) हे पाच शब्द जपानी अक्षरांत कसे दिसतात त्याचा फोटो करून ठेवा. ब्रेडमध्ये लार्ड आणि दह्यात जिलेटिन हेही निघतं.

गंगापूररोड_कॉलेजरोड

ताई, बाकी सगळं मान्य, मिक्सरबद्दल नाही. दोन बॅगांच्या वजनात मिक्सरचे पाच किलो कशाला? जपानमध्ये हलाल फूडच्या दुकानांतून आणि ऑनलाइन १०० व्होल्टचे भारतीय धाटणीचे ग्राइंडर मिळतात. आणि ११० व्होल्टवाला बिघडला तर तिथे दुरुस्त कोण करणार?

डाळींसाठीही तीच दुकानं. बहुतेक पाकिस्तानी, बांगलादेशी नाहीतर नेपाळी चालवतात. तूरडाळ, आटा, बासमती, हिंग सगळं असतं आणि कुरिअरने घरी येतं. जपानी सुपरमार्केटमधलं गव्हाचं पीठ घेताना मात्र पाकीट बघा. हाकुरिकिको केकचं, क्योरिकिको ब्रेडचं. दोन्ही मैद्याच्या जातीची, पोळ्या लवचीक होतात पण चव नाही.

सिडकोवाली_तोयोता

दुकानात पाहिलेत ना त्याचे भाव? बरं, पाच किलोंत त्यांनी बेदाणे न्यावेत.

पेठरोड_आरटीओ

लायसन्स. नाशिक आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, सारथी पोर्टलवर अर्ज, फी १,००० रुपये, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत लागते. भारत आणि जपान दोघेही १९४९ च्या जिनेव्हा कराराचे सदस्य आहेत, म्हणून ते चालतं. मुदत परमिटच्या तारखेपासून एक वर्ष किंवा जपानमध्ये उतरल्यापासून एक वर्ष, जे आधी संपेल ते. म्हणून व्हिसा आला की लगेच न काढता निघायच्या आठवड्यात काढा. मध्ये दिवाळीला नाशिकला येऊन नवं परमिट नेऊ म्हणाल तर उपयोग नाही. तिथे पत्ता नोंदवलेला माणूस तीन महिन्यांच्या आत परतला तर वर्ष नव्याने मोजत नाहीत. पोलिसाने पकडलं तर ते विनापरवाना चालवणं धरतात आणि प्रकरण थेट व्हिसापर्यंत जातं.

त्यामुळे सहाव्या-सातव्या महिन्यात जपानी लायसन्सच्या मागे लागा. भारत सवलतीच्या देशांत नाही, लेखी आणि ट्रॅक दोन्ही द्यावी लागते. १ ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षा अवघड झाली: आधी १० प्रश्न आणि ७० टक्के होते, आता ५० प्रश्न आणि ९० टक्के. भारतीय लायसन्सचं अधिकृत भाषांतर जाफ या जपानच्या वाहन महासंघाकडून घ्यायचं. लायसन्स मिळाल्यानंतर तुम्ही भारतात निदान तीन महिने होतात हे जुन्या पासपोर्टच्या शिक्क्यांवरून दाखवावं लागतं, म्हणून जुने पासपोर्टही सोबत न्या. स्मार्टकार्डावर पहिल्यांदा दिल्याची तारीख नीट दिसत नसेल, नूतनीकरणाचीच असेल, तर आरटीओतून लायसन्सचा उतारा काढून ठेवा. ही एक गोष्ट जपानमधून निस्तरता येत नाही.

नागोयाला परीक्षा हिराबारीच्या केंद्रावर होते. आपल्याकडेही डावीकडूनच गाडी, म्हणून लोक सराव न करता जातात आणि ट्रॅकवर नापास होतात. गाडी येत असो वा नसो, ‘तोमारे’च्या (थांबा) पांढऱ्या रेषेआधी चाक पूर्ण थांबलं पाहिजे. वळताना आरसा, मग मान वळवून मागे बघणं, आणि ते परीक्षकाला दिसेल असं. डावीकडे वळण्याआधी गाडी डाव्या कडेला नेऊन ठेवायची, कारण मधल्या फटीत सायकल घुसते. अरुंद काटकोनी वळणावर चाक कडेच्या दगडावर चढलं आणि तसंच पुढे रेटलंत तर खेळ खलास. थांबून मागे घेतलं तर चालतं.

सायकल घेतलीत तर दुकानातच चोरीविरोधी नोंदणी करून घ्या. १ एप्रिल २०२६ पासून सोळा वर्षांवरच्या सायकलस्वारांना जागेवर दंडाची पावती सुरू झाली: हातात फोन १२,००० येन, लाल सिग्नल तोडणं किंवा उजव्या बाजूने जाणं ६,०००, छत्री धरून चालवणं ५,०००.

सातपूरकर_टूलरूम

सगळ्यांचे आभार. उतारा उद्याच काढतो. घर शोधताना सुरुवातीला किती बाजूला ठेवू? आणि तिसऱ्या वर्षानंतर परतलो तर पेन्शनचे कापलेले पैसे मिळतात का?

पंचवटीकर_नागोया

खासगी घराला भाड्याच्या चार ते सहापट सुरुवातीलाच जातात. शिकिकिन हे डिपॉझिट, रेइकिन ही परत न मिळणारी भेट, एजंटची फी एका भाड्यापर्यंत अधिक कर, जामीन कंपनीची फी अर्ध्या ते एका भाड्याएवढी, वर आगीचा विमा, कुलूप बदलणं आणि पहिलं भाडं. परदेशी भाडेकरू नको म्हणणारे मालक असतात. एजंट ते फोनवर विचारून तुमच्यासमोरच सांगतो, मनाला लावून घेऊ नका.

यूआरची सरकारी घरं बघा. रेइकिन नाही, एजंट फी नाही, जामीन नाही, नूतनीकरणाची फी नाही. फक्त दोन महिन्यांचं डिपॉझिट. अट उत्पन्नाची: भाडं ८२,५०० येनच्या आत असेल तर महिन्याचं उत्पन्न त्याच्या चौपट. इमारती जुन्या आणि स्टेशनपासून लांब असतात, पण भिंती जाड, कुकरच्या शिट्ट्या खपतात. रिकाम्या घरात दिवे, पडदे, एसी काहीही नसतं हे धरून चाला. गॅस सुरू करताना माणूस घरी लागतो, आठवडाभर आधी वेळ घ्या. भूकंपात मीटर आपोआप गॅस बंद करतो. बिघाड समजून घाबरू नका: गॅसचा वास येत नाही ना ते बघा, सगळ्या शेगड्या-गीझर बंद करा, मीटरवरचं बटण दाबून सोडा आणि तीन मिनिटं कशालाही हात लावू नका. दिवा लुकलुकायचा थांबला की गॅस येतो.

इंदिरानगर_हिशेबनीस

पेन्शन: पगाराच्या १८.३ टक्के, निम्मे तुमचे, म्हणजे ९.१५. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, पण त्यातली सूट इथल्या कंपनीने पाठवलेल्यांना. तुम्ही थेट नोकरीवर, तुमचे कापणारच. देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परताव्याचा अर्ज करता येतो, सध्या जास्तीत जास्त ६० महिन्यांपर्यंतचा. त्यातून २०.४२ टक्के कर कापून येतो. तो परत हवा असेल तर निघण्याआधी जपानमधल्या कोणालातरी कर-प्रतिनिधी नेमून त्याची नोंद कर कार्यालयात करायची. आणि परतावा घेतला की ती वर्षं पुसली जातात, भारतातल्या नोकरीच्या वर्षांशी जोडता येत नाहीत.

रहिवासी कर, जुमिनझेई, पहिल्या वर्षी लागत नाही म्हणून लोक खुश होतात. १ जानेवारीला जिथे राहता ते शहर मागच्या वर्षाच्या कमाईवर साधारण १० टक्के घेतं आणि कपात जूनपासून सुरू होते. तुम्ही जूनमध्ये जाताय, तेव्हा पुढच्या जूनला अर्ध्या वर्षाचा आणि त्याच्या पुढच्या जूनला पूर्ण. परततानाही तेच, १ जानेवारी उलटून निघालात तर त्या वर्षाचं बिल मागे लागतं. निघणं हातात असेल तर डिसेंबरअखेर निघा.

आईवडिलांना नाशिकला पैसे पाठवणार असाल तर प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यावर वेगवेगळे पाठवा. वय ३० ते ६९ असेल तर माणशी वर्षाला ३,८०,००० येन पोचल्याचा पुरावा असेल तरच करात वजावट मिळते. सगळे वडिलांच्या खात्यावर टाकले की आईची वजावट गेली.

सिडकोवाली_तोयोता

शाळेचं राहिलंच. तिथे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि १ एप्रिलपर्यंत सहा पूर्ण झालेली मुलं पहिलीत जातात. तुमची मुलगी ऑक्टोबरची, म्हणजे येत्या मार्चपर्यंत योचिएन, बालवाडीचा शेवटचा वर्ग, आणि एप्रिलमध्ये पहिली. इथे जूनमध्ये पहिलीत बसली असती, तेव्हा मागे पडल्यासारखं वाटेल. त्या नऊ महिन्यांत भाषा कानावर पडते, तेवढं पुरे. योचिएनचा अर्ज थेट त्या शाळेत द्या. तीन ते पाच वयोगटाला महिना २५,७०० येनपर्यंत फी सरकार भरतं, पण त्याचा फॉर्म प्रवेशाआधी द्यावा लागतो, नंतर दिला तर मागचं मिळत नाही. होइकुएन, म्हणजे पाळणाघर, महापालिकेतून, आणि आईवडील दोघं कामावर असतील तर. वहिनींना आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं, इमिग्रेशनकडून परवानगी घेऊन. त्याला फी नाही.

परदेशी मुलांना शाळेची सक्ती नाही, त्यामुळे तुम्ही विचारलं नाही तर कोणी मागे लागेलच असं नाही. महापालिकेतल्या शिक्षण मंडळाच्या खिडकीवर सप्टेंबरमध्ये जाऊन पहिलीच्या प्रवेशासाठी नाव द्या, कारण प्रवेशाआधीची आरोग्य तपासणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. आयचीत जपानी शिकवण्याची गरज असलेली मुलं देशात सगळ्यात जास्त, त्यामुळे शाळांना आपल्यासारख्यांची सवय आहे. दुपारच्या जेवणाचं मुलाखतीतच सांगा: मासा, दाशी, मांस नाही, अंडं-दूध चालेल. महिन्याचा तक्ता घरी येतो. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी डबा देऊ का, हे तेव्हाच विचारून घ्या, आणि उत्तर वर्गशिक्षकांकडून लेखी घ्या.